कासवाला विचारायची रीत

पाखरांच्या त्या राज्यात बाजारातले कालचे सगळ्यांना आठवत असे आणि परवाचे कोणालाही आठवत नसे. भाव असो की माप, दोन सूर्य उगवले की डोक्यातून पुसून जाई. लक्षात राही फक्त तळ्याकाठच्या कासवाला. प्रत्येक धान्याचा प्रत्येक दिवसाचा भाव त्याला पाठ होता. पण ते विचारले तेवढेच सांगे, आणि विचारणे चुकले तर मान आत घेऊन बसे.

तळ्यावर जायला कोणाला सवड नव्हती, म्हणून घरट्याघरट्याने एकेक पोपट ठेवला. पोपट उडायला चपळ, सांगकामे, कंटाळा ठाऊक नसलेले. मात्र शिकवल्याखेरीज त्यांना एक शब्द सुचत नसे. ते तळ्यावर जाऊन 'भाव सांग, भाव सांग' असा गिल्ला करत आणि रिकाम्या चोचीने परत येत.

तेव्हा बाजाराचा कारभारी बगळा साळुंकीकडे आला. साळुंकी पोरकी, सुगरणमावशीने तिला आपल्या पिलांत वाढवली होती.

"बाई, कासवाला कसं विचारायचं, त्याची एक रीत बांधून द्या," बगळा म्हणाला. "पोपटांना पाठ करता येईल अशी. तुमच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

एवढा मान तिला आजवर कोणी दिला नव्हता. ती हुरळून गेली, आणि का जाऊ नये?

साळुंकी तळ्यावर मुक्कामाला राहिली. तिने कासवाला सरळ विचारले, उलटे विचारले, मुद्दाम चुकीचे विचारले. परवाचे तिलाही आठवत नसे, म्हणून जे कळेल ते ती लगेच गाण्यात गुंफी; गाणे तेवढे विसरत नसे. एका वेळी एकाच धान्याचे नाव घ्यावे. आधीचा दिवस आधी सांगावा, नंतरचा नंतर. बाजार बंद असलेल्या दिवसाला कासव गप्प राहते. त्या गप्प राहण्याला फुकट भाव समजू नये. कासव झालेले सांगते, होणारे सांगत नाही. आणि सगळ्यात शेवटी: होळीला बाजाराचे माप निम्मे झाले, पायली जाऊन अधोली आली, म्हणून होळीआधीचा भाव निम्मा करावा आणि मगच आजच्या भावाशेजारी ठेवावा.

बगळ्याने डोळे मिटून सगळे ऐकले. "वा! पण शेवटचं जरा लांबतंय. बाकीचं तुम्ही शिकवा, तेवढं मी सवडीने शिकवतो. तुम्हाला अजून ज्वारीचं बघायचंय ना?"

साळुंकीने पोपटांना बाकीचे सगळे शिकवले. त्यांनी तिचे शब्द उचलले, तिची लकब उचलली, तिचा आवाजही उचलला. मग ती निश्चिंत मनाने तळ्यावर परतली. शेवटचे वाक्य बगळ्याजवळ राहिले. तो रोज सकाळी उठून ते घोकत असे, एकटाच.

सुगरणमावशीकडे पिले उडेपर्यंत पुरेल एवढी बाजरी होती. एके दिवशी तिचा पोपट तळ्यावरून आला आणि म्हणाला, "बाजरी. होळीआधी आठ कवड्या. आज चार."

मावशी घाईने घरट्याबाहेर आली. "नीट विचारलंस ना रे? काही राहिलं नाही ना?"

"रीतीप्रमाणे विचारलं," पोपट साळुंकीच्या आवाजात म्हणाला.

"माझ्या पोरीची रीत. तिथे चूक कशी असेल?" भाव आणखी पडायच्या आत विकावी आणि स्वस्त झाली की पुन्हा घ्यावी, म्हणून मावशीने बाजरी विकायला काढली. शेजारणींच्या पोपटांनीही तेच सांगितले होते. सगळ्या एकदम विकायला धावल्या, तसा भाव खरोखरच कोसळला. एका कवडीला माप झाले आणि घेणारा एकटा बगळा उरला. सगळ्यांची बाजरी त्याच्या कोठारात गेल्यावर भाव पुन्हा चढला, आणि मावशीची पिले उपाशी राहू लागली.

साळुंकीला हे कळले तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पोपटांना झाडले. "शिकवलं तेवढं बोललो," पोपट म्हणाले. तिने कासवाला झाडले. "मापाचं कुणी विचारलंच नाही," कासव म्हणाले. बगळ्यापुढे तर तिला रडूच फुटले. "मी तुमच्यावर विश्वास टाकला होता!"

"मी एक शब्द तरी खोटा घातला का?" बगळा एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. "तुमचीच रीत आहे बाई. सगळीकडे तुमचंच नाव होतंय."

ती तशीच उडत मावशीच्या बाभळीवर गेली. बाजरी काय भावाने विकली हे मावशीला आता आठवत नव्हते. बाजरी विकायला लावणारा आवाज कोणाचा होता, तेवढे आठवत होते. साळुंकी फांदीवर टेकलेली पाहताच ती घरट्यात शिरली आणि आतून दाराशी गवत विणू लागली.

"मावशी, ऐक गं. एक वाक्य राहिलंय, तेवढं ऐक."

गवताची एक काडी आडवी आली, मग दुसरी. आत पिले चिरकत होती. साळुंकीने ते वाक्य म्हणायला सुरुवात केली, आणि इतक्यात बाभळीवरून, पलीकडच्या बोरीवरून, साऱ्या रानातून पोपटांनी रीत म्हणायला घेतली. शब्द तिचे, लकब तिची, आवाज तिचा. शेवटच्या ओळीअलीकडेच ते थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

घरट्याच्या दाराशी शेवटची काडी आत ओढली गेली.