ज्याचं गाणं त्याला

डोंगराच्या कुशीत, हिरव्यागार बांबूंच्या बेटांमध्ये, कळकवाडी नावाचं इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला एका मोडक्या झोपडीत हौसा नावाची आठ वर्षांची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. आई, म्हणजे भिवरा, दिवसभर बांबूच्या पट्ट्या सोलायची आणि सुपं विणायची. तिच्या बोटांना सदा चिरा पडलेल्या. ताटात कधी भाकरी आणि कालवण, कधी भाकरी आणि मीठ.

पण भिवरा विणता विणता गाणी रचायची! चिमण्यांची, पिवळ्याधमक उन्हाची, सुपातून उडणाऱ्या कोंड्याची. एक गाणं तर तिनं सगळा पावसाळा रचलं होतं:

सूप विणलं बांबूचं, त्यात पाखडलं ऊन,
कोंडा उडाला वाऱ्यावर, दाणा वाजे रुणझुण.

गावात सांजसूर मंडळ होतं. दर शनिवारी ऊन कललं की जुन्या तेलघाण्याच्या पडवीत माणसं जमायची. कुणी तुणतुणं आणायचं, कुणी पावा. म्हातारे शिदूआबा संबळ वाजवायचे. ज्याला गावंसं वाटेल त्यानं गावं, बाकीच्यांनी ऐकावं.

मग मंडळाचे अध्यक्ष झाले दौलतराव. त्यांनी चकचकीत पितळी भोंगा आणला आणि सांगून टाकलं, "आता फक्त भोंग्यातून गायचं. आणि भोंग्यातून कोण गाणार ते मी ठरवणार."

एके दिवशी ते भिवराच्या अंगणात आले. "भिवरे, ते सुपाचं गाणं म्हण बघू," म्हणाले. तिनं म्हटलं. पुन्हा म्हण, म्हणाले. दहा वेळा म्हणवून घेतलं. भिवराला वाटलं, आता आपल्याला बोलावणार. तिनं ठेवणीतलं लुगडं धुऊन वाळत घातलं.

शनिवार आला. भिवरा आणि हौसा पडवीत गेल्या, तर त्यांना दाराबाहेर बसवलं. दौलतराव भोंग्यापुढे उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मंडळी, मी रचलेलं नवं गाणं ऐका. सूप विणलं बांबूचं..."

हौसा ताडकन उठली.

"खोटं! हे माझ्या आईचं गाणं आहे!"

गाणं थांबलं. हौसानं एकेकाकडे पाहिलं. शिदूआबांनी ते गाणं तिच्याच अंगणात बसून ऐकलं होतं. पावावाल्यानं ऐकलं होतं. साऱ्या गावानं ऐकलं होतं. पण शिदूआबा संबळाची दोरी आवळत बसले आणि बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

"पोरीला इथून हाकला," दौलतराव म्हणाले.

"हौसा, चल गं, जाऊ दे," आई पुटपुटली. आईचे डोळे भरलेले पाहून तर हौसाचा राग आणखीच भडकला. ती पळत सुटली ती थेट बांबूच्या बेटात. तिनं दगड भिरकावले, पाचोळा तुडवला, पाय आपटले.

"कुणीच बोललं नाही! कुणीच नाही!"

तेवढ्यात एक बारीकसा आवाज आला, "आई गं!"

एका चिरलेल्या बांबूच्या फटीत काहीतरी लुकलुकत होतं. अंगठ्याएवढी परी! पोपटी झगा, चतुर किड्याचे असतात तसे झिरझिरीत पंख, केसांत दवाचे इटुकले मणी. तिचा एक पंख फटीत घट्ट अडकला होता.

हौसाचा राग उतरला नव्हता, पण तरी ती खाली बसली. "हलू नकोस हं. बांबू फार कापतो." तिनं दोन्ही हातांची बोटं फटीत घातली आणि सगळा जोर लावून ती फाकवली. बोट कापलं, लाल थेंब टपटपले. परी भुर्रकन बाहेर आली.

"तुझं नाव काय गं, राणी? आणि एवढी का चिडलीस?"

हौसानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता परीचे चंदेरी पंख लालबुंद झाले.

"मलाही राग आला," परी म्हणाली. "माग, तीन इच्छा माग. पण नियम ऐक. कुणाचं तोंड बंद करायचं नाही. जे मागशील ते पडवीतल्या आणि दाराबाहेरच्या सगळ्यांना सारखंच मिळेल. आणि सूर्य डोंगराआड जायच्या आत मागायचं."

"दौलतरावांचा बेडूक कर!" हौसा किंचाळली.

"मग शिदूआबांचाही होईल. तुझ्या आईचाही."

"नको, नको! मागे घेते!"

"घे. पण एक इच्छा गेली हं, बाळ."

हौसानं ओठ चावला. "तो भोंगा तरी मुका कर. भोंगा म्हणजे काही कुणाचं तोंड नव्हे."

परी खुदकन हसली. पडवीत पुन्हा सुरू झालेला भोंग्याचा खरखरीत आवाज एकदम थांबला.

आता एकच इच्छा उरली. सूर्याची केशरी कड तेवढी डोंगरावर दिसत होती. रेशमी लुगडं मागावं? पोटभर जेवण? की दौलतरावांना चांगली अद्दल? हौसानं डोळे मिटले. दाराबाहेर बसलेली आई तिला दिसली.

"ज्याचं गाणं त्याला मिळू दे," ती म्हणाली.

परीनं टाळी वाजवली. सोनेरी चुरा भुरभुरत पडवीकडे निघाला आणि हौसा त्याच्यामागे धावली.

पडवीत दौलतराव तोंड उघडून उभे होते. तोंडातून गाणं येत नव्हतं. भिवराच्या गाण्यातला एक शब्दसुद्धा नाही! आणि दाराबाहेर भिवरा उठून उभी राहिली होती. तिचा गळा आपोआप गात होता, भोंग्याविना, स्वच्छ, शेवटच्या कडव्यापर्यंत. ऐकताना शिदूआबांना तरुणपणी स्वतः रचलेली, विसरून गेलेली एक चाल आठवली. ते रडत रडत संबळ वाजवू लागले. एकेकाला आपापलं गाणं सापडत गेलं. दौलतरावांनाही एक सापडलं. सहा वर्षांचे असताना त्यांनी आपल्या शेळीच्या करडासाठी रचलेलं, दोनच ओळींचं. ते त्यांनी अडखळत म्हटलं आणि मग भिवरापुढे येऊन उभे राहिले.

"चुकलो मी, भिवराबाई. गाणं तुमचं होतं."

भिवरानं मान हलवली. हौसा मात्र पुढे झाली. "तुम्ही बोललात ते बरं केलंत. पण माझा राग अजून गेला नाही. तुमच्यावरचा नाही आणि ह्या सगळ्यांवरचाही नाही."

आणि तेव्हाच तिच्या गळ्यात काहीतरी वळवळलं. सगळ्यांना सारखं मिळणार होतं ना? हौसालाही तिचं गाणं मिळालं होतं. अगदी नवंकोरं, गरमागरम. ती पडवीच्या मधोमध उभी राहिली आणि गाऊ लागली:

माहीत होतं सगळ्यांना, कुणी जीभ नाही हलवली,
मी एकटी ओरडले, तुम्ही मान खाली घातली!

कुणी तिला थांबवलं नाही. शिदूआबांनी मान वर केली, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि संबळावर ठेका धरला. पावावाल्यानं सूर दिला. भिवराला पुढच्या सतरंजीवर बसवलं. हौसा गात राहिली, मोठ्यानं, आणखी मोठ्यानं. मागोमाग येऊन छताच्या तुळईवर बसलेली परी मांडीवर ताल धरून ऐकत होती. तिचे पंख लाल झाले, मग केशरी, मग लख्ख पांढरे. साऱ्या पडवीत उजेडच उजेड झाला, आणि उजेड ओसरला तेव्हा तुळईवर कुणी नव्हतं.

हौसाचं गाणं अजून संपलं नव्हतं. लोकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.