हाताचं वजन

“किती पावलं?”

“बेचाळीस, सर.”

“कुणाची?”

मैथिली गोंधळली. “मल्लय्यांची.”

जमादार सर सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत राहिले.

याकूब जमादार. वय बहात्तर. फिजिओथेरपीच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले, आणि सोलापुरातच एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या गोदामात त्यांनी लोकांना पुन्हा चालायला शिकवणारं केंद्र काढलं. पदव्युत्तर वर्गातली मुलं पुस्तकांचा अभ्यास झाला की सहा महिने हाताचं काम शिकायला त्यांच्याकडे येत. सहा महिने भरले की सर वहीवर सही करत आणि म्हणत, “निघा आता.”

आजवर त्यांनी कुणालाही ठेवून घेतलं नव्हतं.

मैथिली हत्तुरे या मुलांमधली नव्हती. तिची मोठी पदवी मेलबर्नमध्ये झाली होती. तिथं नोकरीही चालून आली होती. ती सोडून ती परत आली, आणि या मुलांच्या रांगेत शेवटी येऊन बसली. “मला पहिल्यापासून शिकायचंय, सर. तुमच्याकडे.”

तिकडं सगळं होतं. नव्हतं ते एवढंच, की प्राध्यापकांना नावानं हाक मारायची. “गुड मॉर्निंग, डेव्हिड.” “थँक यू, हेलन.” माणसं फार चांगली होती. पण दोन वर्षं तिची जीभ एका शब्दासाठी आसुसलेली राहिली. कुणाला तरी ‘सर’ म्हणावं, आणि म्हणताना मान आपोआप जराशी खाली जावी...

आज तिचे सहा महिने भरत होते.

सकाळीच सरांनी तिच्या हाती एक पत्र दिलं होतं. सीमेकडच्या एका गावातलं ग्रामीण रुग्णालय. खोली आहे, सामान आलेलं आहे, माणूस नाही. तुमच्याकडचं कुणी मिळेल का?

मैथिलीनं ते वाचून परत दिलं. “मला तुमच्याजवळ राहायचंय, सर. कायमचं.”

“संध्याकाळी बोलू,” सर म्हणाले होते. “आधी मल्लय्याचं बघू.”

आणि आता ते मल्लय्याचं बघत होते.

“सिद्रामनं धरलं तर ते चार पावलांत खाली बसतात,” मैथिली सांगत होती. सिद्राम तिच्याच तुकडीतला. “मी धरलं तर बेचाळीस जातात.” आवाजातला अभिमान लपत नव्हता. तिनं तो लपवलाही नाही.

“आणि कुणीच धरलं नाही तर?”

“अजून तयार नाहीत, सर.”

“पायाची ताकद?”

“पाचात चार.”

“तोल?”

“डोळे मिटूनसुद्धा अर्धा मिनिट उभे राहतात.”

“मग?”

“भीती आहे, सर.”

“हं,” सर म्हणाले. “भीती आहे खरी.”

वर पत्र्यावर कबुतरं चालत होती.

“तू किती धरतेस त्याला?”

“धरत नाही, सर. नुसता हात असतो. पिसासारखा.”

“पिसासारखा...”

सरांनी टेबलाचा खण ओढला आणि आतून ताणकाटा काढला. रद्दीवाल्याकडे असतो तसा. वर कडी, खाली आकडा, मध्ये पितळी पट्टीवर सरकणारा काटा.

“चल.”

मल्लय्या येमूल बाकावर वाट बघत बसले होते. सारी हयात यंत्रमागावर गेलेली. आठ महिन्यांपूर्वी उजवं अंग गेलं. आता हात बराचसा परत आला होता, पाय त्याहून अधिक. कमरेला जाड पट्टा बांधलेला होता; त्याला मागून धरून चालवायचं, ही इथली पद्धत. सरांनी त्या पट्ट्यात काट्याचा आकडा अडकवला. वरची कडी मैथिलीच्या हातात दिली.

मल्लय्यांनी मान वळवून पाहिलं. “हे काय ओ सर? मला रद्दीत घालताय का काय?”

“भाव काय येतो ते बघतोय.”

“इंग्रजी पेपरचा भाव लावा मंग. म्याडम परदेशातनं शिकून आल्यात.”

मुलं हसली. मैथिलीही हसली. उजवीकडं, अर्धं पाऊल मागं, ती आपल्या नेहमीच्या जागेवर उभी राहिली.

“रोज धरतेस तसंच,” सर म्हणाले. “काट्याकडे बघू नकोस. तो मी बघतो.”

मल्लय्या निघाले.

पहिली पावलं नेहमीचीच. उजवा पाय फरशीला घासत होता. सर शेजारून चालत होते, आणि तसबीहचे मणी ओढावेत तसे हलक्या आवाजात आकडे म्हणत होते.

“एक... दीड... एक...”

किलोचे आकडे. पीस नव्हतं ते, हे मैथिलीला कळलं. पण ठीक आहे, तिनं मनाशी म्हटलं, पाय घासतोय, आधार लागणारच.

दहाव्या पावलानंतर मल्लय्यांना लय सापडली. पाय उचलू लागला. त्यांना बोलायची हुक्की आली.

“आमच्या कारखान्यात दोन मागांच्या मधी बोळ असती म्याडम. यवढीशी. दिवसभर त्या बोळीतनं पुढं-मागं, पुढं-मागं. दोरा तुटला की पळायचं.”

“दोन...” सर म्हणाले. “अडीच...”

“परवा मालक आलता बघायला. म्हनला, मल्लय्या, ये की रे. दोन माग ठिवलेत तुझ्यासाठी.”

“तीन.”

“मी म्हनलं, येतो की. पन म्याडमना कसं आनू? बोळीत दोगांला जागाच न्हाय!” आणि ते मोठ्यानं हसले. हसताना पाऊल पडलं ते इतकं सरळ, इतकं स्वच्छ पडलं, की आठ महिन्यांत तसं पडलं नव्हतं.

“साडेचार,” सर म्हणाले.

मैथिली थांबली. तिच्याबरोबर मल्लय्याही थांबले. थांबणं भागच होतं.

“काटा बिघडलाय, सर.”

सरांनी वाद घातला नाही. आकडा सोडवला, कोपऱ्यातली दोन किलोची वाळूची पिशवी उचलली आणि काट्याला लावली.

काटा दोनावर जाऊन उभा राहिला. जरासुद्धा इकडेतिकडे नाही.

“पुन्हा तपासू?”

“नको,” मैथिली म्हणाली.

मेलबर्नच्या प्रयोगशाळेत जमिनीत पट्ट्या बसवलेल्या होत्या. टाच किती जोरानं टेकली, अंगठ्यानं किती रेटलं, सगळं पडद्यावर उमटायचं. चारी कोपऱ्यांत कॅमेरे होते. रोग्याच्या अंगावरचा एक सांधा मोजायचा राहिला नव्हता. पण शेजारी चालणाऱ्याच्या हाताला काटा लावायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

पाय घासत होता तेव्हा एक. पाय सुटला, आधार नको झाला, तेव्हा साडेचार.

तिनं आपल्या तळहाताकडं पाहिलं. कडीचा लाल वळ उठला होता.

“म्याडम, चालायचं न्हवं?” मल्लय्यांनी विचारलं.

“चालायचं.”

“मंग धरा की.”

“नाही.”

“का ओ?”

तिनं मूठ मिटली. “...जड आहे माझा हात.”

“ऑ? मला कवा लागला न्हाय तो.”

“माहीत आहे.”

मल्लय्यांनी सरांकडं पाहिलं. सर भिंतीला टेकून उभे होते, आणि मल्लय्यांकडं बघतच नव्हते. ते मैथिलीच्या हातांकडं बघत होते.

“पडलो तर?”

“मी इथंच आहे.”

“इथंच म्हंजे कुटं?”

मैथिली उत्तर देणार होती. ओठांवर आलंही होतं. ते तिनं गिळलं.

मल्लय्या उभे राहिले. बराच वेळ. कपाळावर घाम आला. ते तेलुगूत काहीतरी पुटपुटले. देवाचं नाव होतं की शिवी, कुणाला कळलं नाही. मैथिलीचे हात पट्ट्यापासून वीतभर अंतरावर हवेत होते. तहानेल्या माणसानं माठाकडं बघावं तसे ते पट्ट्याकडं बघत होते. तिनं ते तिथंच ठेवले. फार कष्टानं ठेवले.

एक पाऊल.

मग काहीच नाही...

मग दुसरं. तिसरं. पाचव्याला डावीकडं झोक गेला; तिचे हात झेपावले आणि शिवायच्या आत थांबले. झोक त्यांचा त्यांनीच सावरला.

अकराव्या पावलाला मल्लय्यांच्या हाती खिडकीचे गज लागले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मैथिली वाट बघत होती. आता ते मागं वळतील. ‘म्याडम!’ म्हणतील. डोळ्यांत पाणी असेल...

मल्लय्या मागं वळलेच नाहीत. गजांना नाक लावून बाहेर बघत होते.

“आयला,” ते म्हणाले. “हितनं आमच्या गल्लीतला नळ दिसतोय की ओ!”

संध्याकाळी सर आणि मैथिली फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. सरांनी वहीवर सही केली होती, पण ‘निघा आता’ हे शब्द अजून उच्चारले नव्हते. त्या न उच्चारलेल्या शब्दांवर तिनं सगळी आशा टांगली होती.

“सर, आज मला कळलं.”

“काय कळलं?”

“म्हणूनच म्हणते, मला इथं राहू द्या. मला एकटीला हे कधी दिसलं नसतं. उद्या दुसरं काही चुकेल, ते कोण दाखवणार? तुम्ही जवळ असलात तर...” ती त्यांच्याकडं वळली. “दोन वर्षं मी तिकडं ‘सर’ म्हणावं अशा माणसाची वाट बघितली. तुमचीच, सर. तुम्हाला हे माहीतही नाही.”

सरांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. काही बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात एक टेम्पो टपरीपुढं करकचून थांबला.

तिशीतला एक ड्रायव्हर उडी मारून उतरला. “राजूभाई, एक कट, झटक्यात! मार्केट बंद व्हायच्या आत पोचायचंय.” बाकाजवळ येऊन म्हणाला, “चाचा, जरा सरका की.”

सर सरकले.

तो टेकला, दोन घोटांत चहा संपवला, टपरीवाल्या राजूभाईच्या पोटावर बुक्की मारून “वजन वाढलंय तुझं, चाल जरा!” असं म्हणाला, आणि एका ढांगेत टेम्पोत चढला. टेम्पो गेला. धूळ खाली बसेपर्यंत सर तिकडंच बघत होते.

“ओळखीचा होता, सर?”

“अकरा महिने होता इथं. पाठीचा मणका. आई त्याला पाठुंगळी घेऊन यायची. एवढा बाप्या, आणि ती एवढीशी बाई...”

मैथिली ताडकन उठली. “आणि तो तुम्हाला ‘सरका’ म्हणाला? त्यानं ओळखलंसुद्धा नाही?”

“खाली बस.”

“अकरा महिने, सर!”

“तेव्हा मला दाढी नव्हती.”

“दाढीचं काय सांगताय!” तिचे डोळे भरून आले. ते कुणासाठी भरले, हे तिलाही सांगता आलं नसतं. “तुम्हाला काहीच वाटत नाही?”

सरांनी चहाकडं पाहिलं. वर साय धरली होती.

“वाटतं,” ते म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “खूप वाटतं.”

मैथिली खाली बसली. रस्त्यावरून माणसं चालली होती. पिशव्या घेतलेली, भांडत चाललेली, लंगडत, रमतगमत... कुणाचंच लक्ष आपल्या पायांकडं नव्हतं.

ती बोलली तेव्हा तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

“त्या रुग्णालयाला कळवा, सर. सोमवारी हजर होते मी.”

सरांनी मान डोलावली. ना शाबासकी, ना आशीर्वाद.

“एक विचारू?”

“विचार.”

“एवढं वाटत होतं, तर हाक का नाही मारलीत त्याला?”

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग रस्त्याकडं, टेम्पो गेला होता तिकडं. त्यांचा चेहरा असा उजळलेला तिनं सहा महिन्यांत कधी पाहिला नव्हता.

“घाईत होता गं तो.”