उभ्या बायची राखण

फार वर्षांमागे, ऐनखोलात एकाही घरावर अजून कौल चढलं नव्हतं तेव्हा, तिथे आवडी नावाची एक बाई राहत होती. आज सगळे तिला उभी बाय म्हणतात. तिचं खरं नाव आता थोड्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून तेवढं आधी सांगून ठेवलं.

ऐनखोल कसं आहे ते डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला समुद्र. त्याच्या अलीकडे भाताची खाचरं. खाचरांच्या वर गवताचा उतार, आणि उताराच्या माथ्यावर घरं. तेव्हा ती सगळी घरं पेंढ्याने शाकारलेली होती. उन्हाळा सरत आला की उतारावरचं गवत इतकं वाळायचं, की गुरं नुसती त्यातून गेली तरी कडकड वाजायचं.

आणि त्याच दिवसांत भाजावळ असायची. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तो तुकडा आधी भाजून घ्यायचा. त्यावर तोडलेल्या फांद्या, पाला, शेण पसरायचं आणि पेटवून द्यायचं. भाजलं नाही तर रोपांपेक्षा तणच जास्त उगवतं. तेव्हा ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा तो आग लावायचा. कोणाला विचारायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. सगळं रान धुराने भरलेलं असायचं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

आवडीचा नवरा रावजी गलबतावर खलाशी होता. आठ महिने तो घराबाहेर असायचा, त्यामुळे शेत आवडीच बघायची. तिच्या घराला लागून मैनाचं घर होतं. मैनाचा म्हातारा बाप भिवा लेकीकडेच राहायचा. त्याची नजर गेलेली होती, पण त्याला वारा कळायचा. तो अंगणात बसायचा, गाल जरासा वळवायचा आणि सांगायचा, आता मतलई सुटली, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. आता समुद्रावरचा खारा वारा निघाला, अजून वाडीत पोचायचा आहे. त्याचं कधी चुकलं नाही, असं म्हणतात.

त्या वर्षी आवडीने वीस दिवस डोक्यावरून फांद्यांचे भारे वाहिले. विसाव्या दिवशी सकाळी ती विस्तव घेऊन खाचराकडे निघाली, तेव्हा भिवा अंगणातून म्हणाला, "आवडे, आज मतलई लवकर पडली. खारा वारा तापून येणार. आजचा दिवस राहू दे."

"आटपेन लवकर, काका," ती म्हणाली.

तिने आग लावली. आग चांगली बसली, हळूहळू सरकत होती. आवडीचे पाय ठणकत होते. बांधावर कुंभ्याच्या झाडाखाली सावली होती, तिथे ती बसली. नुसती टेकली, असं ती पुढे सांगायची. डोळा लागला तो पापणी मिटून उघडण्याइतकाच. पण उघडला तेव्हा खारा वारा आलेला होता आणि आग बांध ओलांडून गवतात शिरलेली होती.

गवतातून आग कशी चढते ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आवडी तिच्यामागे धावत होती आणि आग तिच्यापुढे धावत होती. अकरा घरं गेली. माणसं शेतात होती म्हणून वाचली. भिवा घरात होता. आत शिरायला निघालेल्या मैनाला चौघांनी धरून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी देवळापुढे गाव जमलं. आग कोणाची, हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्या दिवशी पाच ठिकाणी धूर होता. ओढ्याकाठी कातकऱ्यांचं एक कुटुंब उतरलेलं होतं, नवरा-बायको आणि नवऱ्याची आई. कोणीतरी म्हणालं की यांनीच मधासाठी धूर केला असणार. बघता बघता सगळ्यांचं तेच म्हणणं झालं. त्यांना धरून आणलं. लोकांच्या हातात काठ्या होत्या. नवरा नुसता हात जोडून उभा होता.

तेव्हा आवडी पुढे आली.

"आग माझी," ती म्हणाली. "भिवाकाकांनी सांगितलं होतं, तरी मी लावली. आणि लावून मी बसले."

ती बोलली नसती तर कधीच कोणाला कळलं नसतं. गावकर गंगाराम गावाचा न्याय करायचा. त्याने आधी कातकऱ्यांना सोडायला लावलं. मग त्याने मैनाकडे पाहिलं. "तुझा बाप गेला. शिक्षा तू सांग."

मैना म्हणाली, "ती बसली म्हणून माझा बाप गेला. तिने आता बसू नये."

गावाने तीच शिक्षा ठरवली. होळीपासून पाऊस लागेपर्यंत गावात कोणीही आग लावली, तर राख गार होईपर्यंत आवडीने तिथे उभं राहायचं. बसायचं नाही. आणि शेतातल्या आगीला तिने पुन्हा कधी हात लावायचा नाही. रावजी परत आला तेव्हा त्याने हे ऐकलं आणि म्हणाला, आपण हे गाव सोडू. ती म्हणाली, "तुम्ही जा वाटलं तर. मला इथेच राहायला हवं."

तेव्हापासून आवडी उभी राहिली. सुरुवातीला लोक तिला बघायचे आणि तोंड फिरवायचे. ती या खाचरातून त्या खाचरात चालत असायची. इकडे धूर दिसला की इकडे, तिकडे दिसला की तिकडे. जेवायची ती उभ्यानेच, भाकरी हातावर घेऊन. शिक्षा फक्त आगीपुरती होती, पण तिला घरातही बसवेना. बसलं की तिला गवताची कडकड ऐकू यायची. खांबाला पाठ लावून ती डोळे मिटायची आणि लगेच उघडायची. तीन टेकड्यांपलीकडे कोणी चिलीम पेटवली तरी तिला वास यायचा, असं म्हणतात. तिच्या येण्याजाण्याने पाखाडीच्या, म्हणजे गावच्या दगडी वाटेच्या, पायऱ्या मधोमध झिजल्या, असंही म्हणतात.

भिवाने सांगितलेलं एकेक तिला आता आठवत होतं. गालावर वारा घेत ती उभी राहायची आणि हळूहळू बोलू लागली. आज नको, उद्या. आधी कडेने चार हात जमीन खरवडून मोकळी करा. आग वाऱ्याच्या उलट चालेल अशी लावा, म्हणजे धावणार नाही. उन्हं चढायच्या आत विझली पाहिजे. पाण्याच्या घागरी आणि हिरव्या फांद्या जवळ ठेवा. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगा. लोक आधी कुरकुरले. मग एक जण ऐकू लागला, मग दुसरा. पाच वर्षं गेली, सात गेली, गावात एक पेंढीही जळाली नाही. शिक्षा होती हे लोक विसरले. तिला विचारल्याशिवाय कोणी आग लावेना. मैना मात्र तिच्याशी बोलत नव्हती. दोघींच्या घरांमध्ये एकच कुंपण होतं आणि त्यावरून सात वर्षं शब्द गेला नाही.

आठव्या वर्षी वारा बिघडला.

सकाळची मतलई येईचना. पहाटेपासूनच खारा वारा सुटायचा आणि दिवसभर राहायचा. आवडी म्हणायची, आज नको. दुसऱ्या दिवशी, आज नको. असे नऊ दिवस गेले. रोहिणी नक्षत्र लागलं होतं, समुद्रावर ढग चढायला लागले होते. पसरलेला पाला भिजला असता तर भाजावळ झाली नसती, आणि तिच्यावाचून वर्षाचं भात हाताला लागलं नसतं. माणसं खाचराच्या कडेला येऊन उभी राहायची, ढगांकडे बघायची, तिच्याकडे बघायची आणि परत जायची. घराघरांत भांडणं होऊ लागली. गावकर स्वतः आला. म्हणाला, "बाय, आभाळ बघ."

"आभाळच बघतेय," ती म्हणाली. "आणि गवतही बघतेय."

दहाव्या दिवशी सकाळी मैना विस्तव घेऊन आपल्या खाचरात उतरली. आवडी तिच्या वाटेत जाऊन उभी राहिली. सात वर्षांनी मैना तिच्याशी बोलली.

"तू माझा बाप घेतलास. आता पोरांच्या तोंडचं भातही घेणार?"

"उद्या वारा पडेल, मैने."

"रोज उद्या म्हणतेस."

"भिवाकाका असते तर त्यांनीही..."

"त्यांचं नाव काढू नकोस," मैना म्हणाली, आणि तिला बाजूला सारून खाली गेली. आवडीने तिला अडवलं नाही. मैनाला धरायला तिचा हात उठला नाही, तेवढा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटलं नाही, असं म्हणतात. ती तशीच वर पळत सुटली, आणि पळता पळता घराघरांना हाका मारत गेली. म्हातारी माणसं बाहेर काढा. गुरं सोडा. छपरांवर पाणी मारा.

खाली मैनाने आग लावली आणि ती लावल्याबरोबर तिच्या हातातून गेली. वारा मागून आला. आगीने बांधावरून उडी मारली. मैना हिरवी फांदी घेऊन झोडपत राहिली, तोवर आग तिला सोडून उताराला लागली होती.

माथ्यावर, घरांच्या अलीकडे, पाखाडीची दगडी वाट आडवी जाते. आवडी तिथे येऊन थांबली. सगळं गाव तिच्या मागे गोळा झालं होतं. खालून आग येत होती, माणसाच्या दुप्पट उंच. वाट होती चार हात रुंद. तेवढ्याने ती आग अडणार नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं.

आवडी गंगारामकडे वळली. "गावकर, चूड द्या पेटवून."

"तुला आगीला हात लावायची मनाई आहे."

"म्हणून तर विचारतेय."

गंगारामने पेंढ्याची चूड पेटवली आणि तिच्या हातात दिली. सात वर्षांत तिने चुलीशिवाय कुठेही विस्तव धरला नव्हता. मग ती वाटेच्या कडेने चालत गेली आणि खालच्या बाजूचं गवत पेटवत गेली. लोकांना वाटलं तिला वेड लागलं. पण मोठी आग जवळ आली की समोरचा वारा स्वतःकडे ओढून घेते, हे भिवा तिला सांगत असे. आवडीची आग आधी घुटमळली. जरा घरांकडे झुकली. तेव्हा आवडी वाट सोडून तिच्या पुढ्यात, दोन आगींच्या मधे उतरली, आणि दावं धरून गाय वळवावी तशी तिने ती आग खाली वळवली. आग तिच्यामागे चालत गेली, असं म्हणतात.

दोन आगी उतारावर एकमेकींना भिडल्या. इतका मोठा आवाज झाला की समुद्रावरच्या गलबतांनी तो ऐकला. मग जाळायला काहीच उरलं नाही आणि दोन्ही आगी जागच्या जागी बसल्या.

धूर निवळला तेव्हा आवडी नव्हती. काळ्या उतारावर एकाच ठिकाणी दोन पावलांएवढं गवत उरलं होतं, आणि ते हिरवं होतं. बाकी काही सापडलं नाही. कोणी म्हणतं ती आगीतून चालत समुद्राकडे गेली. कोणी म्हणतं वाऱ्यानेच तिला उचललं. रावजी म्हातारा होईपर्यंत, घरी असला की रोज, त्या जागेशी जाऊन यायचा.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. चार दिवस सकाळी मतलई आली, ढग समुद्रावरच थबकून राहिले, आणि सगळ्या गावाची भाजावळ झाली. त्या चार दिवसांत प्रत्येक खाचरात, राख गार होईपर्यंत, मैना उभी होती. तिला कोणी शिक्षा दिली नव्हती. पहिल्या सकाळीच ती गावापुढे आली होती, आग माझी म्हणाली होती, आणि कोणी काही बोलायच्या आत खाली निघून गेली होती. पुढे तिची सून उभी राहिली, सुनेनंतर तिची लेक.

त्या जागेवर आता एक उभा दगड आहे. त्याला देऊळ नाही, ओटा नाही, कारण ओटा बांधला तर कोणीतरी बसेल. होळीनंतर ज्याला काही जाळायचं असेल तो आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगतो आणि सकाळी त्या दगडाशी जाऊन गालावर वारा घेतो. खारा वारा असेल तर परत येतो. ग्रामपंचायतीनेही आता पाटी लावली आहे. कधी जाळायचं, कधी नाही, किती अंतर सोडायचं, सगळं तीवर लिहिलं आहे. ते बरंच झालं, बाहेरच्यांना कळतं. पण पाटीवर नसलेला एक नियम गाव पाळतं. ज्याने आग लावली त्याने राखेवर तळहात टेकवता येईपर्यंत बसायचं नाही. त्याला उभ्या बायची राखण म्हणतात.

दोन वर्षांमागे पुण्याहून एक जण गावी घर बांधून राहायला आला. त्याने अंगणातला पालापाचोळा गोळा केला, काडी लावली आणि ओटीवर जाऊन खुर्चीत बसला. वाटेने सीताबाय पाष्टे चालली होती, वय ऐंशीच्या पुढे. ती आत आली आणि त्या एवढ्याशा ढिगाशेजारी उभी राहिली. त्याने विचारलं, आजी, काही हवंय का? तिची नजर विस्तवावर होती. त्याने खुर्ची आणून दिली. तिने नको म्हणून मान हलवली. मग तो तिच्याकडे बघत राहिला, जरा वेळाने पायात चपला घातल्या आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

राख गार व्हायला बराच वेळ लागला.