होडी मागे जात नाही

समुद्राचा नकाशा अजून कुणी काढला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, नीट ऐका. आणि त्यांच्या मागे बसून, आपलं लक्षच नाही असं दाखवणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. खरं तर ती तुमच्यासाठीच आहे.

एका राज्याच्या पार टोकाला, डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक गाव होतं. गावात घरं थोडी आणि होड्या जास्त. मासळी, मीठ आणि नारळ या तीन गोष्टींवर गाव जगायचं, आणि भांडणांवर वेळ घालवायचं. बांधावरून भांडण, माडावरून भांडण, कुणाच्या कोंबडीने कुणाच्या अंगणात अंडं घातलं यावरून तर पिढीजात भांडण.

पण वर्षातल्या एका दिवशी गाव भांडत नसे. तो दिवस होड्या वर काढायचा.

पावसाळ्यात ती खाडी चवताळायची. होडी पाण्यात राहिली, तर खडकांवर आपटून तिच्या फळ्या व्हायच्या. म्हणून आभाळ काळवंडू लागलं की सगळ्या होड्या ओढत ओढत डोंगराखालच्या मांगरात, म्हणजे गवताने शाकारलेल्या मोठ्या छपरात, नेऊन ठेवायच्या. वाट ठरलेली होती. होड्यांच्या तळांनी घासून घासून ती इतकी खोल झाली होती, की तिथे गवतानेसुद्धा उगवणं सोडून दिलं होतं.

या कामाची रीत साधी होती. होडी कुणाचीही असो, दोराला हात सगळ्यांचा. ज्याचं तोंड बघायचं नाही, त्याच्या होडीलाही. आणि एकदा होडी पाण्यातून निघाली की ती मागे न्यायची नाही. मांगरात टेकेपर्यंत दोर सोडायचा नाही. ही रीत कुणी घातली ते कुणाला माहीत नव्हतं, आणि ती मोडावी असंही कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

या गावात आवडाय नावाची एक बाई राहायची. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन तीन खाड्या ओलांडून दूर दिलेली. आवडायची होडी गावातली सगळ्यात जुनी. तिच्या परसातला फणस वादळात पडला, तेव्हा तिने आणि नवऱ्याने मिळून त्याच लाकडाची ती बांधली होती. त्या होडीवर तिचं पोट होतं. आणि खरं सांगायचं तर त्या होडीशी ती माणसांपेक्षा जास्त बोलायची.

तिकडे दूर राजधानीत राजाला एक दिवस वाटलं, की समुद्राची मासळी आपल्या ताटात येईपर्यंत शिळी होते. मीठ यायला उशीर, नारळ यायला उशीर. त्याने हुकूम काढला: राजधानीपासून बंदरापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने एक महामार्ग बांधा. असा रुंद, की चार रथ शेजारी शेजारी धावतील. वाटेतल्या प्रत्येक खाडीवर पूल घाला. आणि हे काम त्याने प्रधानाकडे सोपवलं.

गावाने या रस्त्याला विरोध केला असेल, असं तुम्हाला वाटलं असेल. मुळीच नाही. उलट गाव खूश होतं. आवडाय तर सगळ्यात जास्त. मुलीकडे जायचं म्हणजे तीन ठिकाणी खाडीपार नेणाऱ्या तरीची वाट बघायची, भरती-ओहोटी सांभाळायची. रस्ता झाला की सकाळी निघून दुपारी नातवंडांच्या मांडीला मांडी लावून जेवता येईल. रस्त्यावर खपणाऱ्या मजुरांना ती आपणहून पाणी नेऊन द्यायची.

जिथे रस्ता होड्यांची वाट कापणार होता, तिथे प्रधान स्वतः आला. काठीने वाळूत रेघा ओढून त्याने दाखवलं: "इथे पूल बांधून रस्ता उचलून घेऊ आणि खाली वाट मोकळी ठेवू. रथ वरून जातील, होड्या खालून जातील." लोकांनी माना डोलावल्या. प्रधानासाठी शहाळी उतरवली गेली, ती त्याने आवडीने प्यायली.

मग राजाने कळवलं, की पावसाळ्याच्या तोंडावर मी स्वतः हा रस्ता बघायला येतो.

प्रधानाची झोप उडाली. खाड्यांवरचे मोठे पूल होत आले होते, पण बारीकसारीक कामं बरीच राहिली होती. प्रधान हुशार होता. मोठ्या पुलावर राजा थांबेल, खाली वाकून पाणी बघेल, वाहवा करेल, हे त्याला ठाऊक होतं. पण चार होड्यांसाठी बांधलेल्या पुलावरून रथ गेला, तर तो राजाला कळणारसुद्धा नाही. जे राजाला दिसणार नाही ते बांधायचं कशाला? त्याने मजुरांना सांगितलं, की पूल राहू द्या, माती टाका. होड्यांच्या वाटेवर माणसाच्या उंचीहून उंच भराव पडला आणि वरून सपाट, गुळगुळीत रस्ता निघून गेला.

लोक प्रधानाकडे गेले. तो म्हणाला, "एवढं काय त्यात? होड्या वळसा घालून न्या."

आवडाय म्हणाली, "वळसो खयसून घालू? रस्त्याचा एक टोक राजधानीत आणि दुसरा बंदरात."

"मग राहू द्या पाण्यात. पाऊस काय, दरवर्षीच येतो," असं म्हणून प्रधान पालखीत बसला. वाळूतल्या रेघा भरतीने केव्हाच पुसल्या होत्या.

त्या संध्याकाळी देवळासमोर गाव जमलं. गावकार, म्हणजे गावचा मुख्य, भला माणूस होता. पण सत्तेसमोर त्याचे गुडघे लवकर दुखायला लागायचे. तो म्हणाला, "म्हाराज येतत, तेव्हा सगळ्यांनी रस्त्याच्या कडेक उभे रवया. हात जोडून सांगया. तेंका दया येतली."

"आणि आभाळ बघितलास?" आवडायने विचारलं. "म्हाराज येतत तोच दिवस होड्यो काढूचो. हात जोडले तर दोर कोण धरतलो?"

 शेवटी गावकारानेही मान डोलावली. ठरलं ते असं, की होड्या नेहमीसारख्या काढायच्या, नेहमीच्याच वाटेने. वाटेत रस्ता आडवा आला, तर त्याच्यावरून न्यायच्या.

तो दिवस उजाडला. वारा फिरला होता, खाडीचं पाणी गढूळ होऊन उसळ्या मारत होतं. आवडाय म्हणाली, पहिली माझी होडी. ओंडके टाकले, दोर बांधला, बाया-बाप्ये, म्हातारेकोतारे सगळे लागले. सपाट वाटेवर होडी चालली. भरावाच्या चढाला अडली. पाय घसरत होते, माती सुटत होती, तोंडाने आरोळ्या चालूच होत्या. शेवटी दम खाऊन सगळ्यांनी एकदाच हिसका दिला आणि होडी वर चढली. राजाच्या नव्या कोऱ्या महामार्गावर ती बरोबर आडवी उभी राहिली.

आणि समोरून राजाचा रथ आला.

घोडे थांबले. मागचे रथ थांबले. तुताऱ्या वाजवणाऱ्यांनी अर्ध्यातच तुताऱ्या खाली केल्या. प्रधानाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"हे काय आहे?" राजाने विचारलं.

"होडी, म्हाराज," आवडाय म्हणाली. तिने दोर सोडला नव्हता. कुणीच सोडला नव्हता.

"ती दिसते मला. रस्त्यात का आहे?"

"रस्तो तिच्या वाटेत इलो म्हणान." मग तिने सगळं सांगितलं. वाळूतल्या रेघा सांगितल्या, शहाळी सांगितली, माती सांगितली. प्रधान मध्ये बोलायला गेला, तेव्हा राजाने हात वर केला.

राजा दुष्ट नव्हता. पण आपण फार दयाळू आहोत, असं त्याला नेहमी वाटायचं, आणि असे राजे जरा सांभाळूनच घ्यावे लागतात. थोडा विचार करून तो म्हणाला, "बाई, पूल आता होणे नाही. पण मी एक करतो. वर्षातला हा एक दिवस माझा रस्ता तुमच्यासाठी बंद ठेवीन. होड्या वरून न्या. दरवर्षी मला विचारायचं, मी परवानगी देत जाईन. झालं समाधान?"

गर्दीतून समाधानाचा सुस्कारा निघाला. गावकाराने तर डोळेच मिटले. "घे गो आवडाय," तो हळूच म्हणाला. "म्हाराज मोठ्या मनान देतत."

आवडायने मान हलवली. "परवानगी नको, म्हाराज. आमका आमची वाट व्हयी."

"वाटच तर देतोय मी."

"नाय. आज तुमी देतास, आमी घेतलव. फुडल्या वर्सा इचारूक व्हया. तुमच्या मागसून जो गादयेर बसतलो, तो नाय म्हणतलो. आणि आमची पोरां म्हणतली, वाट राजाचीच होती, दिली तर दिली. ही वाट तुमी दिल्यात नाय. तुमच्या आजोबांनीय दिल्यानी नाय. ती तुमी कशी देतलास?"

इतकं सरळ त्या राजाशी आजवर कुणी बोललं नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला. दयाळू माणसाची दया नाकारली की त्याच्याइतका संतापी कुणी नसतो. "होडी मागे घ्या," तो म्हणाला.

"पाण्यातसून निघालेली होडी मागे जाणा नाय."

"मग फोडा ती."

प्रधान याचीच वाट बघत होता. शिपाई कुऱ्हाडी घेऊन पुढे आले. फणसाचं लाकूड चिवट असतं. पहिले घाव त्याने नुसते परतवले. मग एक फळी फुटली, मग दुसरी, आणि मग होडी पसरली. आवडाय बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता, कारण तिने दोर सोडला नव्हता. सगळ्या गावाने तसाच धरून ठेवला होता. दोराच्या टोकाला होडी नव्हती, पण दोर हातांत होता.

शिपायांनी फळ्या बाजूला सारल्या. घोडे पुढे निघणार, एवढ्यात आवडाय मागे वळून म्हणाली, "दुसरी होडी वर घेवा."

 मग गर्दीतून गावकार पुढे आला. गुडघे दुखणारा तोच गावकार. दोराचं टोक घेऊन तो भराव उतरला आणि त्याने ते आपल्या होडीला बांधलं. ती अगदी नवी होती, तिच्या लाकडाला अजून तेलही लावायचं होतं. आवडाय त्याच्यासाठी दोराला लागली. खरं तर त्या कोंबडीच्या अंड्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. होडी चढली आणि पहिलीच्या जागी आडवी उभी राहिली.

"हीसुद्धा फोडू?" शिपायाने विचारलं. त्याच्या आवाजात आता तेवढा जोर राहिला नव्हता.

राजा रथात उभा राहिला. उंचावरून त्याला पहिल्यांदाच खाली दिसलं. काठाला होड्यांची रांग लागली होती, आणि प्रत्येक होडीपाशी तिचा मालक ओंडके मांडून आपली पाळी यायची वाट बघत होता.

"किती फोडायला लावशील मला?" त्याने आवडायला विचारलं.

"सगळ्यो फोडा," ती म्हणाली. "मगे ह्या रस्त्यावरसून काय न्हेतलास?"

राजाने मागे वळून आपल्या रस्त्याकडे पाहिलं. रुंद, गुळगुळीत, सरळ रस्ता. मासळी आणायला बांधलेला. आणि मासळी आणणारी होडी त्याच्या समोर तुकडे होऊन पडली होती, त्याच्याच हुकमाने. त्याला लाज वाटली. राजांना ती क्वचित वाटते, म्हणून मुद्दाम सांगतो.

"खणा," तो शिपायांना म्हणाला. "इथला सगळा भराव काढा."

कुऱ्हाडी टाकून शिपायांनी कुदळी घेतल्या, मजूर आले, आणि दिवस मावळायच्या आत महामार्ग मधोमध तुटला. त्या खिंडीतून होड्या एकामागून एक मांगराकडे गेल्या. राजाचा रथ अलीकडेच अडकला, तेव्हा राजा चिखलातून चालत पलीकडे गेला. जाताना तो आवडायपाशी थांबला. "तुझी होडी मी बांधून देतो."

"होडी आमी बांधू, म्हाराज. तुमी पूल बांधा."

पूल झाला. तो पुरा होईपर्यंत प्रधानाने तिथेच झोपडीत राहायचं, असा राजाचा हुकूम होता, त्यामुळे दरवर्षीच येणाऱ्या त्या पावसाशी प्रधानाची चांगली ओळख झाली. गावाने आवडायला नवी होडी बांधून दिली. जुनीच्या ज्या फळ्या वाचल्या, त्या तिच्या तळाला घातल्या.

पुढच्या वर्षी आभाळ काळवंडलं, तेव्हा आवडायची लेक नव्या रस्त्याने माहेरी येत होती. पुलावर आल्यावर तिला खालून आरोळ्या ऐकू आल्या. वाकून पाहिलं, तर पुलाखालून होडी चालली होती आणि सगळ्यात पुढे दोराला तिची आई होती. लेक पदर खोचून खाली उतरली आणि तिनेही दोर धरला. कुणी कुणाला काही विचारलं नाही, आणि होडी मांगरात जाऊन टेकली.

तात्पर्य: जी वाट आपल्या हक्काची आहे, ती कुणाची मेहरबानी म्हणून घेऊ नका; मेहरबानी म्हणून घेतली, की ती आपली राहत नाही.