ताऱ्याचं टोपडं

"दम संपला की मग काय करायचं, बाई?"

मृण्मयी चौगुलेनं विचारलं खरं, पण सुरात शिकण्यापेक्षा भांडणच जास्त होतं. संघाच्या प्रशिक्षक अख्तरबाई बुटाची चाकं पुसत होत्या. एकसष्टाव्या वर्षीही बाई चाकांवर उभ्या राहिल्या की पोरी गुमान रांगेत येत.

रोलर डर्बी हा धक्काबुक्कीचा खेळ. दोन मिनिटांचा डाव. हेल्मेटवर ताऱ्याचं टोपडं चढवलेली मुलगी, म्हणजे 'तारा', समोरच्या पोरींची भिंत फोडून पुढं निघते आणि गुण मिळवते. दोन्हीकडच्या ताऱ्यांपैकी जी आधी सुटेल, तिला एक मुभा असते. तिनं दोन्ही हातांनी कंबर थोपटली की डाव तिथंच थांबतो.

गेल्या सामन्यात मृण्मयीनं तेच केलं होतं. समोरची तारा अजून भिंतीत अडकलेली, गुण नुसते वेचायचे बाकी... आणि हिनं कंबर थोपटली. संघ तीन गुणांनी हरला. त्या तीन गुणांची लाज तिला आठवडाभर जेवू देत नव्हती.

रविवारी अंतिम सामना होता. टोपडं संघातल्याच जुईला जाणार, अशी कुजबुज होती.

"खोटं नाही सांगत बाई. सव्वा मिनिटाला डोळ्यांपुढं अंधारी येते."

"येऊ दे की," बाई म्हणाल्या. "आज तू भिंतीत उभी राहा."

भिंतीत? संघातल्या सगळ्यात वेगवान पोरीला? मृण्मयीचं नाक फुगलं, पण बाईंपुढं बोलायची सोय नव्हती. भिंतीतल्या संध्या आणि किश्वर एकमेकींना खांदा भिडवून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. तिनं दोघींचे खांदे घट्ट धरले.

शिट्टी झाली. तारा होती जुई. अंगानं काडी, पण धडका अशा की हाडं बोलावीत.

सव्वा मिनिट झालं. अंधारी आली, अगदी वेळेवर. तेवढ्यात संध्याचा पाय निसटला. मृण्मयीनं तिला खांद्यापासून वर खेचलं. मग किश्वर कलली, तिलाही सावरलं. जुई आदळतच राहिली.

दुसरी शिट्टी झाली, तेव्हा पुरती दोन मिनिटं झाली होती. जुई भिंतीच्या मागंच होती.

बाईंनी खिशातून रविवारचं टोपडं काढून मृण्मयीपुढं धरलं. ती बघतच राहिली. आनंदानं तिला रडू येत होतं, पण टोपडं काही तिनं घेतलं नाही. शेवटी बाईंनीच ते तिच्या हेल्मेटवर चढवलं.

"पण बाई..." तिला धाप आवरेना. "दम तर आजही तिथंच संपला."

बाईंनी तिच्या हनुवटीखालचा पट्टा आवळला.

"खरंच. सव्वा मिनिटालाच."

बाईंनी संध्याच्या आणि किश्वरच्या खांद्यांकडं पाहिलं.

"मग तुझे हात कुठं होते गं?"