मोहटोल्याच्या देवीला फूल चालत नाही

मोहटोल्याच्या तलावाकाठी देवीचं देऊळ आहे. पाहुणे हौसेनं झेंडूचे हार घेऊन येतात आणि त्यांना पायरीवरच थांबवलं जातं. हार बाहेर ठेवा, हळदकुंकू खुशाल आत न्या. या देवीला फूल चालत नाही. का, असं कुणी विचारलंच, तर इथले जुने लोक जांभळ्या फुलाची गोष्ट सांगतात. ऐकायला गोड नाही, पण आता आलाच आहात तर ऐकून घ्या.

फार वर्षांपूर्वी इथे दाजीबा नावाचा गुरव होता म्हणे. पूजा त्याची, देवीला कौल लावणंही त्याच्याकडेच. दाजीबा बोलला म्हणजे देवी बोलली, इतका गावाचा भरवसा. त्याची एकुलती लेक तापानं फणफणली, आठ दिवस डोळा उघडेना. तेव्हा तो नवस बोलला, पोर उठली तर पंचक्रोशीत कुणी पाहिलं नाही असं फूल तुला वाहीन. पोर उठली. आता फूल आणायचं कुठून? हुडकत हुडकत तो जिल्ह्याच्या गावी पोचला. तिथं एका साहेबाच्या बंगल्यातल्या हौदावर त्याला जांभळे तुरे तरंगताना दिसले. माळ्याच्या हातापाया पडून त्यानं एक रोप मागून घेतलं, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं आणि भल्या सकाळी, आसपास कुणी नाही असं बघून तलावाच्या कोपऱ्यात सोडलं. पहिला तुरा देवीला वाहिला तेव्हा बायाबापड्या बघतच राहिल्या. हे फूल कुठलं, असं विचारलं की तो हसून म्हणायचा, "देवीनंच दिलं."

तीच ही जलपर्णी. मागे तलावाचा अभ्यास करायला मंडळी आली होती, ती सांगून गेली की हिचं माहेर सातासमुद्रापार, अमेझॉन नावाच्या नदीच्या खोऱ्यात. तिथं तिला कुरतडणारे भुंगे आहेत, तिचा पाला खाणारी भली थोरली पाणगाय आहे, पूर येतो तो तिला वाहून नेतो. म्हणून तिकडे ती आपल्या पायरीनं राहते. मिरची, पेरू, पपई, तुमच्या हातातला हा झेंडूसुद्धा त्याच मुलखाकडून आलेला, म्हणे. पण ती सगळी इथं निमूट नांदली. हिला मात्र इकडे जाब विचारणारं कुणीच नव्हतं.

तीन पावसाळ्यांत तलाव झाकून गेला. कमळं गेली, शिंगाडा गेला, बदकं यायची थांबली. पाण्याला कुबट वास सुटला आणि मासे पोट वर करून तरंगू लागले. तलावावरच ज्यांचं पोट, त्या ढीवरांच्या चुली थंड पडल्या. गाव म्हणालं, देवी कोपली. कुणाच्या दोषानं? सगळ्यांच्या नजरा भिवराबाईकडे वळल्या. ही ढीवरांमधली विधवा बाई. अवसेला जाळं टाकायचं नाही हा गावाचा नेम तिनं मोडला होता, घरात दोन पोरं उपाशी होती म्हणून.

दोष तिचाच का, हे विचारायला कौल लावायचं ठरलं. त्याच्या आदल्या सकाळी दाजीबा देऊळ झाडत होता. तिथं भिवराबाई आली.

"गुरवदादा, तुमी फडकं सोडून पाण्यात काय टाकलं, ते म्या पायलं होतं," ती म्हणाली. "म्या सांगन त माझं कोन आयकन? उद्या तुमीच सांगा."

दाजीबानं मान डोलावली. सांगायचंच असं त्यानं ठरवलंही होतं, असं म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी सगळा गाव पुढ्यात बसला, पाटलानं विचारलं, "बाईचा दोष हाय का?" खरं सांगावं, तर देवीच्या नावावर खपवलेलं खोटं उघडं पडणार. दाजीबा मान खाली घालून बसला. गावानं त्या गप्प बसण्यालाच होकार धरलं आणि बाईला गाव सोडायला सांगितलं. भिवराबाई शेवटपर्यंत त्याच्याकडे बघत उभी होती. मग जाळं खांद्यावर टाकून, पोरांचे हात धरून ती गावाबाहेर निघून गेली.

चार दिवसांनी दाजीबाला लेकीनं सहज विचारलं, "बाबा, भिवरामावशी कुठं गेली?" त्याला लेकीच्या तोंडाकडे बघवेना. तो उठला, तडक तलावात छातीभर पाण्यात शिरला आणि दोन्ही हातांनी जलपर्णी उपटत ओरडू लागला, "हे मी आनलं. बाईचा दोष नाई. दोष माझा हाय."

लोक धावले, वर ये म्हणाले. तो म्हणाला, भिवराबाई वर ये म्हणंल तेव्हाच येईन. माणसं वैनगंगेच्या काठाकाठानं तिला शोधत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. शेवटी शुद्ध हरपली तेव्हा त्याला उचलून बाहेर काढलं. त्यानंतर त्यानं देवीला फूल वाहिलं नाही, कुणाला वाहूही दिलं नाही.

आजही नवरात्राच्या आधी सारा गाव जलपर्णी उपटायला तलावावर जमतो. पहिला पाण्यात उतरतो तो गुरवाच्या घरातला कर्ता माणूस. पहिलं रोप उपटून तो मोठ्यानं म्हणतो, "हे आमच्या घरानं आनलं." मग तिथंच वाट बघत उभा राहतो. काठावर सगळा गाव असतो, त्याचे सोयरेधायरे असतात, पण कुणी तोंड उघडत नाही. वर ये म्हणायचा हक्क एकाच घराचा, आणि ते घर गावात नाही. ऊन डोक्यावर येतं. मग तो आपला आपणच बाहेर येतो, कुणाकडे न बघता.