बंदरावरचे सार

एका खाडीकाठच्या गावात भिवाजी तांडेल नावाचा एक म्हातारा आणि त्याची बायको चंद्रभागा राहत असत. भिवाजीचे उमेदीचे आयुष्य मालवाहू जहाजावर स्वयंपाक करण्यात गेले होते. बंदरे त्याने पुष्कळ पाहिली, पण आठवण काढायचा ती एकाच बंदराची. बँकॉकच्या धक्क्यापाशी एक म्हातारी होडीतच चूल मांडून बसे. भिवाजी तेव्हा नुकताच तापातून उठला होता आणि घराच्या आठवणीने घास घशाखाली उतरत नव्हता. त्या म्हातारीने त्याला नारळाच्या रसातले गरम सार दिले. गवती चहाचा वास, आल्यासारख्या कुठल्याशा कंदाचा झणका, वर लिंबू. पहिल्या घोटाला त्याला रडू आले आणि दुसऱ्या घोटाला भूक लागली.

गावी परतल्यावर तो आल्यागेल्याला त्या साराची गोष्ट सांगे आणि शेवटी म्हणे, "तसं सार पुन्हा होणे नाही."

चंद्रभागा म्हणायची, "अहो, नारळ दारचा, गवती चहा परसात माजलाय. संध्याकाळी पटकन करून टाकते की. भाताबरोबर होईल."

"हा गवती चहा तो नव्हे," भिवाजी म्हणे. "आणि तो कंद कुठून आणशील? उगाच त्या साराच्या नावाला बट्टा."

पुढे तिने विचारणे सोडले. संध्याकाळी घरात कुळथाची पिठी आणि भात शिजत राहिला.

मग एका वर्षी चंद्रभागा तापाने आडवी झाली. ताप उतरला, पण तोंडाची चव परतली नाही. पेज पुढे केली की ती मान फिरवी. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही गेलं नाही, तर तालुक्याला न्यावं लागेल."

त्या दुपारी ती म्हणाली, "ते तुमचं बंदरावरचं सार द्याल का? जन्मभर नुसतं ऐकतेच आहे."

भिवाजी घाबरला. अख्ख्या जहाजाला जेवू घातलेला माणूस तो. रांधायची भीती नव्हती. पण सार तसे झाले नाही तर? त्याने शहरातल्या भाचीला, सुलभाला, फोन लावला.

"मामा, तो कंद कुठे मिळतो का बघते," सुलभा म्हणाली. "शनिवारी येताना आणीन."

चंद्रभागेने ते ऐकले. "बरं, शनिवारपर्यंत थांबते मग," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचीच भिवाजीला धास्ती वाटली.

तो स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसला. त्या होडीतला एकेक जिन्नस आठवू लागला आणि त्याला भोपळा आठवला. त्या दिवशी म्हातारीची भाजीची टोपली रिकामी होती. तिने खुणेने विचारले होते, तुझ्याकडे काय आहे? त्याने जहाजाच्या कोठीतला लाल भोपळा आणून दिला होता. ती हसली होती आणि तोच चिरून तिने सारात टाकला होता. गोष्ट सांगताना भिवाजी हा भोपळा नेहमी गाळत असे. एवढ्या दूरच्या साराला आपला भोपळा शोभत नाही, असे त्याला वाटे.

तो उठला. परसातून गवती चहा आणला, ठेचून त्याची गाठ मारली. नारळाच्या पातळ रसात ती गाठ, आले आणि एक मिरची घातली. भोपळा आणि चवळीच्या शेंगा त्यात शिजवल्या. मग दाट रस ओतला आणि जहाजावरच्या सवयीने जाळ मोठा करून खळखळा उकळी आणली. रस फुटला.

आतून आवाज आला, "फुटला ना? दाट रस घातल्यावर उकळवतात का कधी? जहाजावरची माणसं गरीब बिचारी, खात होती मुकाट्याने."

भिवाजीने दुसरा नारळ फोडला. या खेपेस दाट रस घालून मंद आचेवर नुसती वाफ येऊ दिली. मीठ घातले, गुळाचा खडा टाकला, खाली उतरवून लिंबू पिळले.

चंद्रभागेने एक घोट घेतला. मग दुसरा. भोपळ्याची फोड जिभेने दाबून खाल्ली.

"तिथल्यासारखं झालंय का?" तिने विचारले.

भिवाजीने चाखून पाहिले. त्या धक्क्याचा वास त्यात नव्हता. परसातल्या गवती चहाचा होता.

"नाही," तो म्हणाला. "हे इथलं आहे."

"मग इतकी वर्षं मी काय म्हणत होते?" चंद्रभागेने वाटी पुढे केली. "वाढा अजून. भात आहे का?"

तात्पर्य: दूरच्या चवीची आठवण जरूर जपावी, पण तिच्यापायी घरच्या माणसाला ताटकळत ठेवू नये. जे हाताशी आहे, ते आजच रांधून वाढावे.